पीत नाही, याचा पुरावा

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अमेरिकेत मला दोनदा अटक झाली. पहिल्यांदा २०१२ साली न्यू जर्सीत, दुसऱ्यांदा २०१७ साली कॅलिफोर्नियात. दोन्ही वेळा शिक्षा झाली आणि ती मी पूर्ण भोगली. दंड भरले, लायसन्स गेलं, सक्तीचे वर्ग केले, लायसन्स परत मिळालं. २०१७ नंतर दारू घेतलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी निगडित आहे आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत राहणाऱ्या, असं एखादं जुनं प्रकरण गाठीशी असलेल्या आणि तरीही विमान शिकायची इच्छा असलेल्या मराठी माणसासाठी हे लिहितो आहे. मी या वाटेला लागलो तेव्हा मला ही माहिती आपल्या भाषेत कुणी दिली नव्हती, आणि इंग्रजीतली माहिती वाचून गोंधळ वाढतच गेला होता.

मला एअरलाइनमध्ये नोकरी करायची नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर एक छोटं विमान स्वतःच्या हाताने उडवता यावं, एवढीच इच्छा होती. आम्ही फ्रीमाँटला राहतो. जवळच्या लिव्हरमोर विमानतळावरून मी सेस्ना १७२ मध्ये पहिली ओळखीची फेरी मारली. अल्टामाँटच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या खालून सरकत असताना इन्स्ट्रक्टरने काही क्षण विमान माझ्या हाती दिलं आणि मी ठरवून टाकलं की हे शिकायचंच. खाली उतरल्यावर त्याने काय काय लागेल ते सांगितलं. ग्रीन कार्ड असलं तरी नागरिक नसलेल्या माणसाला प्रशिक्षणाआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची तपासणी पार करावी लागते. इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असेपर्यंत शिकणाऱ्याला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. मात्र एकट्याने उडायचं म्हटलं, म्हणजे सोलो, की विद्यार्थी वैमानिकाचा परवाना आणि किमान तिसऱ्या श्रेणीचं मेडिकल हातात हवं.

‘तिसरी श्रेणी सगळ्यात सोपी,’ असं तो म्हणाला, आणि ते खरंही आहे. चष्म्यासह २०/४० दृष्टी, रंगांची ओळख, बरा ऐकू येणारा कान, १५५/९५ च्या आत रक्तदाब. लघवीची तपासणी साखर आणि प्रथिनांसाठी असते, दारू किंवा अमली पदार्थांसाठी नाही. चाळिशीच्या आत हे प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, त्यानंतर दोन वर्षं. मी तब्येतीने ठीक आहे, औषधं चालू नाहीत. त्यामुळे एका संध्याकाळी निर्धास्त मनाने अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, मेडएक्सप्रेस नावाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो.

अर्जात अठरावा प्रश्न आहे. त्याचं शीर्षक वैद्यकीय इतिहासाचं आहे आणि त्याखाली आजारांची लांब यादी आहे. वारंवार डोकेदुखी, चक्कर, दमा, हृदयविकार, मूतखडा, मानसिक विकार. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. आणि काळाची मर्यादा एकच: आयुष्यात कधीही. मी ‘नाही, नाही’ करत खाली उतरत होतो. यादीच्या शेवटाकडे ‘व्ही’ हा उपप्रश्न आला. दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवल्याबद्दल कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का. किंवा लायसन्स नाकारलं, निलंबित वा रद्द केलं गेलं, अथवा शिक्षण वा पुनर्वसनाच्या वर्गाला जावं लागलं, अशी कुठलीही अटक, शिक्षा वा प्रशासकीय कारवाई झाली आहे का. मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. मूतखड्याच्या यादीत माझी अटक कशी आली, हेच आधी कळेना.

माझी खरी अडचण पुढची होती. कॅलिफोर्नियात प्रोबेशन नीट पार पाडल्यावर दंडसंहितेच्या १२०३.४ कलमाखाली कोर्टाकडे अर्ज करता येतो, आणि कोर्ट ती शिक्षा मागे घेऊन खटला निकाली काढतं. मी ते केलं होतं. कोर्टाचा शिक्का असलेला कागद माझ्या फाइलमध्ये होता. खासगी कंपनीत नोकरीच्या अर्जावर यापुढे ही शिक्षा सांगायची गरज नाही, असं वकिलाने समजावलं होतं. मग इथे काय लिहायचं? कोर्टाने मिटवलेली गोष्ट मी ‘हो’ म्हणून पुन्हा उकरून काढायची, की ‘नाही’ लिहून पुढे जायचं? मी अर्ज तसाच ठेवला आणि इन्स्ट्रक्टरला फोन केला.

तो माझ्यापेक्षा वयाने बराच लहान. पण त्या दिवशी तो जे बोलला त्याबद्दल मी त्याचा कायम ऋणी राहीन. ‘अजून काही सबमिट करू नकोस,’ तो म्हणाला. ‘आणि त्या प्रश्नाला नाही लिहिण्याचा विचारही मनात आणू नकोस.’ एफएएला खटल्याचा निकाल काय लागला याच्याशी कर्तव्य नाही, अटक झाली होती का एवढंच त्यांना हवं आहे, हे त्याने मला समजावलं. निर्दोष सुटलात, आरोप कमी झाला, शिक्षा मागे घेतली गेली, तरी उत्तर ‘हो’च. अर्जावर सही करताना आपण एफएएला राष्ट्रीय वाहनचालक नोंदवही तपासायची परवानगी देत असतो. राज्याराज्यांतल्या निलंबित लायसन्सांची माहिती तिथे असते. आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं उघडकीला आलं तर हातातले सगळे परवाने रद्द होऊ शकतात. शिवाय केंद्र सरकारला खोटं निवेदन दिल्याचा गुन्हा, म्हणजे मोठा दंड आणि पाच वर्षांपर्यंतची कैद. दारूच्या जुन्या प्रकरणातून माणूस बाहेर येऊ शकतो, खोट्या सहीतून बाहेर येणं फार कठीण, असं तो म्हणाला.

वैमानिकांची तपासणी करायला एफएएने नेमलेले डॉक्टर असतात, त्यांना एएमई म्हणतात. मी अशा एका डॉक्टरांची वेळ घेतली. भेटीआधी ‘हो’ लिहून अर्ज सबमिट केला, आणि आत गेल्यागेल्या त्याचा कन्फर्मेशन नंबर लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो न बघता उलटा करून माझ्याकडे परत सरकवला. ‘आज तुम्ही तपासणीला आलेला नाहीत, सल्ल्याला आला आहात. हा नंबर मी संगणकात टाकला की तुमचा अर्ज अधिकृत झाला. मग तो मला चौदा दिवसांत पुढे पाठवावाच लागतो, तुमची तयारी असो वा नसो.’ हे मला ठाऊक नव्हतं. नुसता सल्ला घेता येतो, त्यासाठी अर्ज उघडावा लागत नाही, हेही ठाऊक नव्हतं. नवख्या माणसाने एवढी एकच गोष्ट इथून उचलली तरी माझ्या लिहिण्याचं चीज झालं.

त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. एएमईच्या हातात तीन गोष्टी असतात: प्रमाणपत्र तिथल्या तिथे देणं, नाकारणं, किंवा निर्णय ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या वैद्यकीय विभागाकडे सोपवणं. या तिसऱ्याला डिफर करणं म्हणतात. आयुष्यात एकच घटना, रक्तातलं अल्कोहोल ०.१५ च्या खाली, चाचणीला नकार दिलेला नाही, आणि सगळे कागद हातात असतील, तर बऱ्याचदा एएमईलाच निर्णय घेता येतो. ०.१५ किंवा वर आकडा असेल, चाचणी नाकारली असेल, किंवा एकाहून जास्त घटना असतील तर प्रकरण वर जातं. माझे आकडे होते ०.११ आणि ०.१६. घटना दोन. म्हणजे माझ्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती.

‘०.१६ ला एवढं महत्त्व का?’ मी विचारलं. गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८, मी तिच्या दुप्पट होतो, एवढंच मला माहीत होतं. ते म्हणाले, ‘पिण्याची सवय नसलेला माणूस त्या पातळीला धड उभा राहू शकत नाही. तुम्ही गाडीची किल्ली शोधून, इंजिन सुरू करून फ्रीवेवर गेलात. शरीर सरावलेलं असल्याशिवाय हे जमत नाही, आणि शरीर सरावणं हे दारूवर अवलंबून असल्याचं एक लक्षण नियमातच लिहिलेलं आहे.’ मी गप्प बसलो. मी बराच बरा चालवत होतो, पोलिसाने उगाच अडवलं, असं मला त्या रात्री वाटलं होतं. ज्याला मी माझ्या बाजूचा मुद्दा समजत होतो, तोच माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा निघाला.

अवलंबित्व ठरलं तर अमेरिकी नियमांप्रमाणे मेडिकल मिळत नाही. अपवाद एकच: माणूस बरा झाल्याचा ठोस वैद्यकीय पुरावा हवा, आणि त्यात मागची किमान दोन वर्षं संपूर्ण वर्ज्य केल्याचा पुरावा धरला जातो. तेव्हा मेडिकल मिळतं ते विशेष अधिकारात, अटी घालून, ठरावीक मुदतीसाठी. या कामासाठी खास प्रशिक्षण घेतलेले एएमई असतात, त्यांना हिम्स डॉक्टर म्हणतात. त्यांच्याकडे जा, असं सांगून त्यांनी आणखी एक धोका दाखवला. अमेरिकेत काही हलकी विमानं नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर उडवता येतात, पण तुमचा शेवटचा मेडिकलचा अर्ज नाकारला गेला असेल तर ती वाटही बंद होते. अर्धवट कागद घेऊन घाईने अर्ज केला आणि नकार पदरात पडला, तर होती ती दारंही बंद व्हायची. ‘आधी फाइल, मग अर्ज,’ हे त्यांचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलं.

हिम्स हा ज्या कार्यक्रमाचा भाग, त्याचा इतिहास मी नंतर वाचला आणि मला धीर आला. १९७० च्या दशकात वैमानिकांच्या संघटनेच्या पुढाकाराने हा कार्यक्रम उभा राहिला. त्याआधी दारूचा त्रास असलेला वैमानिक नोकरी जाईल म्हणून तो लपवायचा, सहकारी सांभाळून घ्यायचे, आणि तो तसाच उडत राहायचा. त्याला उपचाराला पाठवून, देखरेखीखाली ठेवून परत कॉकपिटमध्ये आणता येईल, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. मार्च १९९० मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या तिघा वैमानिकांनी फार्गोहून मिनिआपोलिसला प्रवासी विमान नेलं. आदल्या रात्री ते भरपूर प्यायले होते. विमान सुखरूप उतरलं, तिघांना अटक झाली, तिघेही तुरुंगात गेले. त्यांचा कॅप्टन लाइल प्राउस याने दारू सोडली, सगळे परवाने पहिल्यापासून पुन्हा मिळवले, त्याच कंपनीत परतला आणि बोइंग ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. माझं प्रकरण त्या मानाने किती लहान! पण ज्या व्यवस्थेने त्याला परत घेतलं, तिच्याच दारात मी उभा होतो.

मग फाइल जमवायला लागलो. दोन्ही घटनांचे पोलिस अहवाल, कोर्टाचे निकाल, रक्तातल्या अल्कोहोलच्या चाचणीचे कागद, वर्ग पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं, आणि मागच्या दहा वर्षांत ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं तिथला पूर्ण वाहन-इतिहास. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा वाहतुकीचा गुन्हा समजला जातो आणि तो गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. त्या छोट्या कोर्टाच्या दफ्तरातून इतक्या वर्षांपूर्वीचे कागद मिळवायला पत्रं लिहावी लागली, फोन करावे लागले. कॅलिफोर्नियाचे कागद जास्त होते. जुनी न्यू जर्सीची शिक्षा दहा वर्षांच्या आतली, म्हणून इथली घटना दुसरी धरली गेली होती. अठरा महिन्यांचा कार्यक्रम आणि गाडीत बसवलेलं यंत्र. त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही, आणि गाडी चालू असतानाही ते मधूनच पुन्हा फुंकायला लावायचं. आमच्या अलामेडा काउंटीत तेव्हा हे यंत्र सक्तीचं होतं.

२०१७ चा पोलिस अहवाल मी तेव्हा प्रथमच नीट वाचला. खटल्याच्या वेळी तो वकिलाने वाचला होता, मी नव्हता वाचला. त्यात माझं वर्णन होतं. डोळे लाल आणि पाणावलेले. बोलणं जड. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत नऊ पावलं टाकायला सांगितली, दुसऱ्या पावलालाच तोल गेला. एका पायावर उभं राहायला सांगितलं, हात पसरावे लागले, पाय खाली टेकला. कुठून आलात, या प्रश्नाला ‘मित्राकडे जेवायला गेलो होतो’. किती प्यायलात, या प्रश्नाला ‘दोन बिअर’. मी ते बायकोला वाचायला दिलं. तिने वाचून कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘हे असंच जाऊ दे. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस.’

यानंतरच्या टप्प्यावर मी खरोखर गांगरून गेलो. प्यायलो होतो याचे ढीगभर पुरावे होते. पीत नाही, याचा पुरावा कुठून आणायचा? इतकी वर्षं मी पार्टीत सोडा घेऊन उभा राहत होतो, पण त्याची नोंद कोण ठेवणार! हिम्स डॉक्टरांनी मार्ग सांगितला. पेथ नावाची रक्ताची चाचणी असते. दारू शरीरात गेली की तांबड्या पेशींच्या आवरणात एक पदार्थ तयार होतो आणि तो काही आठवडे टिकतो, त्यामुळे मागच्या दोन-चार आठवड्यांतलं पिणं त्यातून कळतं. दुसरी ईटीजी, ही लघवीची. ती दोन-तीन दिवसांपर्यंत मागचं सांगते. न सांगता बोलावणं येतं आणि त्याच दिवशी नमुना द्यायचा. एकेका चाचणीचा अर्थ थोडा, पण महिनोन्‌महिने एकही नमुना वाईट निघाला नाही की त्याचा इतिहास बनतो. बरोबरीने मदतगटात नियमित जाणं, तिथल्या जुन्या सदस्याचं पत्र, घरच्यांचं पत्र.

इथे आपल्या घरांसाठी एक इशारा. ईटीजी फार संवेदनशील असते. अल्कोहोल असलेलं माउथवॉश, खोकल्याचं औषध, हात धुण्याचं सॅनिटायझर, सगळ्याला जपावं लागतं. आणि आपली आसवं-अरिष्टं! आई साताऱ्याहून दर वेळी अश्वगंधारिष्टाची बाटली पाठवते. आंबवून केलेल्या या औषधांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, आणि बाटलीवर ते छापलेलंही असतं. फोनवर तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, ते औषध आहे, त्याला काय होतंय!’ मी तिला चष्मा लावून बाटली वाचायला लावली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरं, चूर्ण पाठवते.’ होमिओपॅथीच्या द्रव औषधांनाही हेच लागू आहे. ‘घरगुती औषध होतं’ हे कारण प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिता येत नाही.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट, दोघांकडूनही तपासणी. दुसऱ्यांकडे दिवसभर चाचण्या होत्या आणि त्यातली एक वैमानिकांसाठीच बनवलेली, कॉगस्क्रीन. संगणकावर आकडे एकेक करून येतात आणि ते उलट्या क्रमाने सांगायचे. मग एकाच वेळी दोन कामं: पडद्याच्या एका भागात हलणारी खूण मर्यादेबाहेर जाऊ द्यायची नाही आणि त्याच वेळी दुसऱ्या भागातले आकडे जुळवायचे. मग नियम न सांगता बदलतात आणि बदललेला नियम आपण चुकांवरून ओळखायचा. दारूने मेंदूचं कायमचं नुकसान झालं असेल तर ते अशाच ठिकाणी आधी दिसतं: लक्ष विभागताना, नियम बदलल्यावर. विमान उतरवताना माणूस नेमकं हेच करत असतो, हे मला तेव्हा उमगलं. परीक्षेची भीती होती, पण ही परीक्षा का आहे याबद्दल मनात प्रश्न उरला नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी सगळा इतिहास विचारला. पहिला पेग कधी, कुणाबरोबर, कॉलेजात किती, इथे आल्यावर किती, एकटं कधी प्यायलो. नंतर बायकोलाही वेगळं बोलावून विचारलं. तिची तयारी होती. ‘विचारतील ते सांगेन. लपवायला काही नाही, आणि तुला वाचवायलाही काही नाही,’ असं ती आदल्या रात्री म्हणाली होती. शेवटी त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही कधी थांबलात ते तारखेसह लिहिलंय. का थांबलात?’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण इतक्या वर्षांत तो मला कुणी विचारलाच नव्हता. वकिलाने खटल्याबद्दल विचारलं होतं. कोर्टाने त्या रात्रीबद्दल. विमा कंपनीने पैशांबद्दल. मित्रांनी जामिनाची धावपळ केली, गाडी सोडवून आणली आणि ‘होतं असं, आता लक्ष ठेव’ म्हणून विषय संपवला. आपल्या लोकांत तो असाच संपतो. मंडळाचा कार्यक्रम झाला की कुणाच्या तरी घरी बसायचं, मध्यरात्रीनंतर किल्ल्या उचलायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ‘पोचलास ना?’ एवढंच विचारायचं. पिण्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते विचारणं म्हणजे अपमान. त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो की मला एक पेग कधीच पुरला नाही, पहिला घेतल्यावर दुसरा घ्यायचा की नाही हे ठरवणं माझ्या हातात राहत नव्हतं, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिला गाडीत बसवताना माझाच मला विश्वास वाटेना म्हणून थांबलो. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या निवेदनात पुढे मी हेच सविस्तर लिहिलं.

कोर्टाने मला गप्प राहायला शिकवलं होतं. वकिलाचा पहिला सल्लाच तो असतो, आणि तिथे तो योग्य आहे. एफएएच्या वैद्यकीय विभागापुढे मात्र तीच सवय घातक ठरते. तिथे कमी लिहिलं, गोल लिहिलं, ‘मित्राने आग्रह केला’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला आजार अजून चालूच आहे असं वाटतं. किती, कधीपासून, शेवटचं कधी, काय बदललं आणि ते टिकवण्यासाठी आता काय करता, हे सरळ लिहिलेलं त्यांना हवं असतं.

फाइल पूर्ण झाल्यावर अर्ज रीतसर उघडला, तपासणी झाली, अर्ज डिफर होऊन ओक्लाहोमा सिटीला गेला. मग वाट पाहणं. या काळात मी इन्स्ट्रक्टरबरोबर उडत राहिलो, कारण त्याला नियमाची आडकाठी नाही. अधेमधे आणखी कागद मागणारी पत्रं आली, ती मुदतीत पूर्ण केली. शेवटी विशेष परवानगीचं पत्र आलं. प्रमाणपत्र मुदतीचं आहे. अट संपूर्ण वर्ज्याची आहे, म्हणजे लग्नातल्या शॅम्पेनचा घोटही नाही. न सांगता होणाऱ्या चाचण्या, हिम्स डॉक्टरांच्या ठरावीक भेटी आणि मदतगट चालू. शिवाय विद्यार्थी वैमानिकाचा परवाना हातात आल्यापासून एक वेगळा नियमही लागू होतो: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नवी शिक्षा किंवा लायसन्सवर कारवाई झाली तर ती साठ दिवसांच्या आत एफएएच्या सुरक्षा विभागाला लेखी कळवायची. मेडिकलच्या अर्जात सांगितलं म्हणून हे काम होत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. अशा दोन कारवाया तीन वर्षांत झाल्या तर परवानाच जाऊ शकतो.

या अटी जाचक आहेत का, असं मला मित्र विचारतात. नाहीत. उड्डाणाआधी आठ तास दारू नाही आणि रक्तात ०.०४ पेक्षा कमी, हा नियम अमेरिकेत प्रत्येक वैमानिकाला आहे. पण दारूचा परिणाम आठ तासांत आटोपतोच असं नाही. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांत ती शिरते, आणि रक्तातून पूर्ण गेल्यावरही तिथे काही तास गडबड करत राहते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला तोलाचा तेवढा भ्रम पुरेसा असतो. ज्याचा इतिहास माझ्यासारखा आहे त्याच्याकडून जास्त खात्री मागितली जाते, आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसणार असेल तर ती खात्री मलाही हवी आहे.

म्हणून माझ्यासारख्या प्रकरणातल्या माणसाला कळकळीने सांगतो. अर्ज भरण्याआधी एएमईचा सल्ला घ्या. जुने कागद आजच मागवायला लागा, ते उद्या आणखी जुने होतील. ‘हो’ आहे तिथे ‘हो’च लिहा. पिणं अजून थांबलेलं नसेल तर विमानाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. दोन वर्षांचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो, अर्जाच्या दिवसापासून नाही. आणि ज्यांना विमानाशी काही देणंघेणं नाही त्यांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी मित्र, भाऊ किंवा मेहुणा डोलत किल्ली शोधायला लागला तर ती काढून घ्या, त्याला घरी सोडा, आणि दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत असताना त्याच्यासमोर बसून त्याच्या पिण्याबद्दल विचारा. तो चिडेल. तरी विचारा. मला हा प्रश्न २०१२ साली कुणी विचारला असता, तर २०१७ चा अहवाल कदाचित लिहिलाच गेला नसता.